मिल कशी बंद पाडायची

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या सातवीच्या मॅडमचे. कारंज्याच्या एका मुसलमान कापड दुकानदाराची ही मुलगी केनवडकडच्या आमच्या लहानशा गावात शिक्षिका म्हणून आली होती. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, त्या आम्हा सगळ्यांना बेटा म्हणायच्या. माझे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जात आणि मलाही सोबत नेत. त्या वर्षी मॅडम घरी आल्या, आईशेजारी ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "याले त्याच्या मावशीपाशी ठेवा. आता नेला तं हा पोरगा शाळेत परत येत नाही, मी लिहून देतो तुमाले." आईने मला ठेवलं. पुढे वाशीमचं वसतिगृह, तिथलं कॉलेज, आमच्या घराण्यातली पहिली पदवी आणि आजची नोकरी, हे सगळं त्या ओट्यावरच्या बोलण्यातून आलं. हे मी विसरलो नाही. त्यांच्याशी जो वाईट वागला तोही मी विसरलो नाही, आणि हे लिखाण बरंचसं त्याच्याबद्दल आहे.

मॅडम वर्गात 'फेरी' घ्यायच्या. कुठल्याशा प्रशिक्षणात त्या ही पद्धत शिकल्या होत्या. बाकीच्या शिक्षकांनी त्या प्रशिक्षणाची पुस्तिका कपाटात टाकली, मॅडमनी ती खरी मानली. सगळ्यांनी गोल बसायचं. प्रश्न एक, आणि प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची. जो सगळ्यात कमी बोलतो त्याच्यापासून सुरुवात. जो सगळ्यात जास्त बोलतो त्याची पाळी शेवटी. फेरी पुरी होईपर्यंत कोणी कोणाला 'चूक' म्हणायचं नाही. हसायला मात्र परवानगी होती. फेरी अडली की मॅडम प्रश्न उलटा करायच्या. शाळा चांगली कशी करायची असं विचारलं की आम्ही सगळे 'झाडं लावा' म्हणायचो. मग एकदा त्यांनी विचारलं, "शाळा बंद पाडाची असंन तं काय काय करा लागंन?"

आम्हाला वाचाच फुटली. मास्तरायले मोबाइल द्या. खिचडीत खडे टाका. घंटी विकून टाका. आणि मग कधीही न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "बोअरचं पानी संत्र्याच्या बागेत सोडा."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. शाळेची टाकी दुपारी रिकामी का होते, हे त्या कितीतरी दिवस सगळ्यांना विचारत होत्या. मधल्या सुट्टीत त्या बोअरच्या पाइपाच्या मागे मागे चालत गेल्या आणि आम्ही त्यांच्या मागे. पाइप कुंपणाखालून निघून शाळा समितीच्या अध्यक्षाच्या बागेत जात होता.

मॅडमनी समितीच्या बैठकीत विषय काढला. अध्यक्षाला पाइप काढून घ्यावा लागला. आणि वर्ष अर्ध्यावर असतानाच मॅडमची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. ती कोणी करवली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण अध्यक्षाने स्वतःच चौकात सांगितलं होतं. निरोपाच्या कार्यक्रमाला तो मुद्दाम आला. शाल दिली, नारळ दिला, आणि आम्हा पोरांसमोर माइकवर म्हणाला, "मॅडम, तिकडं पोरायले लिव्हाले-वाचाले शिकवा. इचार कराले गावात आमी हावोत."

मोठी माणसं हसली. मॅडमनी शालीची घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि त्या ऑटोत जाऊन बसल्या. मावशीच्या घरी त्या दिवशी मी जेवलो नाही. दाढेत सुपारीचं खांड अडकावं तसं ते वाक्य माझ्यात अडकून राहिलं, आणि मी मोठा झालो तरी जीभ तिकडेच जात राहिली.

आता मी गावोगावच्या शेतकरी गटांच्या बैठका घेतो. गटाने एकत्र बसून विचार कसा करायचा, अडलेला प्रश्न कसा सोडवायचा, हे करून दाखवणं हीच माझी नोकरी. पुण्याच्या प्रशिक्षणात कळलं की मॅडमच्या फेरीला आणि उलट्या प्रश्नाला इंग्रजी नावं आहेत आणि त्यांच्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. बाकीचे वहीत उतरवून घेत होते. मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि मला मॅडमची आठवण येत होती.

मागच्या तुरीच्या हंगामात आमच्याच भागातल्या शेतकरी कंपनीला डाळ मिल मंजूर झाली. ती कुठे बसवायची आणि कोणी चालवायची, हे सभासदांच्या बैठकीत ठरायचं होतं. बैठक घ्यायला मला पाठवलं. कंपनीचा अध्यक्ष तोच, शाळा समितीवाला माणूस होता. मिल त्याच्या रस्त्यालगतच्या गोडाउनात 'सध्यापुरती' ठेवायची, असं त्याने बाहेरच्या बाहेर ठरवलेलं होतं. एकदा तिथे गेली की ती कधी बाहेर येणार नव्हती. माझी मावशी सभासद होती. ती आणि तिच्या बचत गटातल्या बाया वर्षानुवर्षं तूर तशीच व्यापाऱ्याला विकत होत्या आणि घरी खायला डाळ दुकानातून आणत होत्या. त्यांना ती मिल हवी होती. मलाही ती त्यांना मिळायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला तो माणूस सगळ्यांसमोर खाली आलेला पाहायचा होता. बैठकीची तयारी मी वैऱ्यासारखी केली.

आमच्याकडे मोठ्या माणसासमोर कोणी चांगली सूचना देत नाही. शहाणपणा केल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी गावाला तोंड दाखवायचं असतं. पण एखादी गोष्ट बिघडवायची कशी, असं विचारा. मग जिभा थांबत नाहीत. एकाने सांगितलं की दुसऱ्याला त्याच्यावर कडी करायची असते. मी हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. आणि अध्यक्षही याच मातीतला होता. चौकात बसून टोमणे मारण्यात आपल्यापेक्षा कोणी वरचढ झालेलं त्याला कधी खपलं नव्हतं. माझा सगळा भरवसा त्याच्या या एका सवयीवर होता.

तो आला, मला निरखून पाहिलं आणि म्हणाला, "अबे, तू तं त्या ऊसतोड्याचा पोरगा ना? साहेब झाला काय? वा! जाय मंग, आदी सगळ्यायले चहा सांगून ये."

मी गेलो आणि चहा सांगून आलो. वाशीमहून आलेल्या अधिकारी बाई समोर बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी नियम सांगितले: पदाधिकारी सगळ्यात शेवटी बोलतील, कोणी कोणाचं नाव घेणार नाही, आणि बोललेलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं भिंतीवरच्या कागदावर लिहिलं जाईल. बाई म्हणाल्या, "छान." मग त्यालाही मान हलवावी लागली.

"ही मिल एका वर्षात बंद पाडायची आहे," मी म्हटलं. "काय काय करावं लागेल?"

मावशीने पदर सावरला.

"सोपं हाय. किल्ली एकाच माणसाच्या खिशात ठेवा. अन् तो माणूस लग्नाले गेला पाह्यजे."

सगळे हसले. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"जवायाले ऑपरेटर ठेवा," मागून कोणीतरी म्हणालं.

"त्याले चालू-बंद करता नाही आलं पाह्यजे!"

"आदी आपली तूर काढा, लोकायची पानी पडल्यावर."

"मीटिंग ठेवा अन् निरोप धाडू नोका."

"अन् काहून नाही धाडला म्हनून इचारलं, तं म्हना, मी हावो ना!"

मावशी आता पेटली होती. "लाइटबिल कंपनीचं, अन् फ्रिज घरचा!"

लोक मांड्यांवर हात मारत होते. अध्यक्षही हसत होता, पण अस्वस्थ हसत होता. एक म्हातारी बाई त्याच्यापेक्षा जास्त टाळ्या घेत होती. मी फक्त मार्कर पेन हातात धरून त्याच्याकडे पाहिलं.

"हॅट, तुमाले काय समजते बंद पाडनं!" तो पाळी नसताना उठला. "माह्याकून शिका. मिल आपल्या गोडाउनात ठेवा. भाड्याचा कागद करूच नोका. वर्षभरानं म्हना, जागा माही हाय, तं मशीन कोनाची असंन? जा म्हना कोर्टात!"

हशाच्या तयारीने तो सगळ्यांकडे वळला. कोणीच हसलं नाही. अधिकारी बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

मी ते वाक्य एकही शब्द न गाळता लिहिलं. सावकाश लिहिलं, आणि लिहिताना मला इतकं बरं वाटत होतं की अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. मग म्हटलं, "आता पद्धतीचा दुसरा भाग. प्रत्येक वाक्य उलटं करायचं, की तो आपला नियम होतो." किल्ल्या दोन, वेगवेगळ्या घरी. ऑपरेटर शिकलेला, कोणाचा नातेवाईक नसलेला. तूर नंबराप्रमाणे. शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो. अधिकारी बाईंनी स्वतःच ते उलटं केलं: मिल कोणाच्याही खाजगी गोडाउनात जाणार नाही. हात वर झाले. त्याच्या शेजारी बसणाऱ्यांचेही झाले. गटाच्या बायांनी त्यांची बैठकीची खोली देऊ केली आणि ती ठरली.

मी कागद भिंतीवरून काढला, त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "अध्यक्षसाहेब, सही."

त्याने सही केली. पेन परत देताना हळूच विचारलं, "हे त्या मॅडमनं शिकोलं ना तुले?"

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच."

त्याने ओळखलं, याचा मला मिल मिळाल्याइतकाच आनंद झाला. घरी येऊन मी मॅडमना हे पत्र पाठवलं.

आदरणीय मॅडम,

फोनवर सांगितलं असतं तर आपण मध्येच "जाऊ दे बेटा" म्हणाला असतात. पत्राला मध्ये बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

ज्याने आपली बदली करवली, त्याच्या समोर काल मी आपली फेरी घेतली. उलटा प्रश्न विचारला. मनातला बेत त्याने स्वतःच्या तोंडाने सभेत सांगितला. डाळ मिल आता बायांच्या खोलीत बसणार आहे, आणि एक किल्ली माझ्या मावशीकडे असणार आहे. तिने आपल्याला सलाम सांगितला आहे आणि पहिली डाळ कारंज्याला आपल्या घरी पाठवते म्हणाली आहे.

आपण सांगायच्या, फेरी कामावर घ्यायची, माणसावर नाही. मी माणसावर घेतली. ठरवून घेतली. त्याचा चेहरा उतरताना पाहिला आणि मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. आपलं दुसरं सगळं ऐकलं, हे एक ऐकलं नाही.

लवकरच कंपनीच्या नव्या अध्यक्षाची निवड आहे. तो पुन्हा उभा राहणार आहे. बैठक घ्यायला मी जाणार आहे, मागून घेतली आहे. तेव्हा कोणता प्रश्न विचारायचा, हे आपण सुचवलंत तर बरं होईल. नाही सुचवलंत तरी मी विचारणार आहेच.

सोबत त्या कागदाचा फोटो आहे. शेवटचं वाक्य त्याचं, खाली सही त्याची. आधी तो बघा, आणि मग माझ्यावर काय रागवायचं ते रागवा.

आपला,
मावशीपाशी ठेवलेला