ओतूरच्या माळावर माझा स्विंग

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना ऐकू नका. अंगावर सांडला तर मला बोल लावाल. माझी अशी काही फजिती झाली होती की अख्खा ओतूरचा बाजार तेव्हा दुसरं काही बोलतच नव्हता!

मी पंचविशीचा असेन. पेठेत आमचं कापडाचं दुकान. आजोबा मारवाडातून आलेले, पण आमच्या तोंडात इथलीच मराठी. जुन्नरला राहून मी थोडं इंग्रजी शिकलो होतो, आणि तेवढ्यावर गाव मला बॅरिस्टर समजायचं. कुणाला तार आली की धावत माझ्याकडं! कळो न कळो, मी मान हलवायचो. मान हलवण्यात आपण पक्के!

तर झालं काय, नदीवरच्या पुलाच्या मोजणीसाठी एक इंजिनिअर साहेब आला. आमराईत त्याचा तंबू. उंच, किडकिडीत, उन्हानं नाक लाल झालेलं, स्वभावानं अगदी गरीब. दिवसभर मोजणी करायचा आणि उन्हं कलली की माळावर एकटाच एक पांढरा चेंडू काठीनं मारत हिंडायचा. मारायचा, त्याच्या मागं चालत जायचा, पुन्हा मारायचा.

आमचे शेजारी धोंडिबा पाटील, चांगले बागायतदार गडी, मला म्हणाले, "शेट, त्यो चेंडू सायबाचं ऐकत न्हाई वाटतं!"

"पाटील, त्याला गोल्फ म्हणतात."

"गोफण? मंग दगूड कुठंय?"

एक दिवस साहेब दुकानात आला. काठ्या ठेवायच्या पिशवीला जाडभरडं कापड हवं होतं. माझं इंग्रजी ऐकून बिचारा असा खुलला! इतके दिवस बोलायला माणूस नव्हतं ना. मोडक्या मराठीत म्हणाला, "शेट, तुमी माझेसोबत खेळणार? एकटा खेळून मला लई कंटाळा आली."

"यस सर!"

"पण आधी तुमची काठी निवडायची. त्यासाठी मला तुमचा स्विंग बघायची. जलद आहे का सावकाश. उद्या संध्याकाळी तुमचे घरी येतो. दाखवणार?"

"यस सर, यस सर!"

साहेब गेला आणि मी विचारात पडलो. स्विंग म्हणजे झोपाळा. आमच्या पुस्तकात चित्रच होतं, एक मुलगी झोका घेतेय आणि खाली हा शब्द! पण काठीचा आणि झोपाळ्याचा संबंध काय? विचारावं, तर बॅरिस्टरकी जाते. मग माझं मीच जुळवलं. सोयरीक करताना आपण नाही का घरदार बघत? तसा हा खेळगडी निवडताना झोपाळा बघत असेल! बडे लोक, काय सांगावं?

घरी येऊन तुमच्या वहिनींना सांगितलं. त्यांनी कणीक मळता मळता मान वर केली.

"अहो, पण आपल्याकडं झोपाळा आहे कुठं?"

घ्या! हे माझ्या लक्षातच नव्हतं.

तसाच पाटलांकडं पळालो. त्यांच्या ओसरीवर सागवानी फळीचा, पितळी कड्यांचा झोपाळा. "पाटील, एका दिवसापुरता द्या. साहेब झोका घ्यायला येतोय."

"सायब? झोका घेनार?" पाटलांच्या मिशा थरथरल्या. "न्या की राव! पर म्या सोता झोका देनार. आमच्या झोपाळ्याची खोड दुसऱ्याला न्हाई कळायची."

दुसऱ्या दिवशी भर पेठेतून झोपाळ्याची मिरवणूक निघाली. जो तो विचारतोय आणि पाटील प्रत्येकाला थांबून सांगतायत. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात ही गर्दी! झोपाळा आमच्या ओसरीवर टांगला, वहिनींनी कड्यांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या.

साहेब आला. खांद्यावर काठ्यांची पिशवी. त्यानं गर्दी बघितली, माळा बघितल्या, झोपाळा बघितला. पाहुणचाराची इथली रीत असावी, असं त्याला वाटलं असणार. हसून बसला बिचारा.

आणि पाटलांनी दिला की हो झोका! पहिल्याच झोक्याला टोपी उडाली. दुसऱ्याला साहेबाचे बूट तुळईला टेकले. "शेट! शेट!" साहेब ओरडतोय, आणि मी छाती काढून सांगतोय, "सर, धिस इज स्लो. फास्ट आल्सो आहे!"

"अजून जोरात म्हनतोय का त्यो?" पाटलांनी बाह्या सरसावल्या.

"थांबवा!" वहिनी आतून ओरडल्या. "तोंड बघा त्याचं, पांढरंफटक पडलंय!"

झोपाळा थांबला. साहेब कड्या घट्ट धरून बसलेला. घाबरत घाबरत मी विचारलं, "सर, स्विंग आवडला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, झोपाळ्याकडं बघितलं, आणि एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मग असा हसला, असा हसला, की डोळ्यांतून पाणी! मला वाटलं, याचं डोकं फिरलं. उठला, पिशवीतून एक काठी काढली आणि अंगणात जाऊन हवेत फिरवली. सूंऽऽ!

"शेट, हा स्विंग!"

काय सांगू, त्या क्षणी कापडाच्या गठ्ठ्यात शिरून बसावंसं वाटलं. बाहेर कुणीतरी खो खो हसलं, मग सगळी आळीच हसायला लागली.

पण साहेब मनाचा मोठा. माझा हात धरून मला माळावर घेऊन गेला. मागून सगळी गर्दी! तिथं त्यानं समजावलं. ज्याचा हात जलद फिरतो त्याला ताठ काठी. ज्याचा सावकाश त्याला लवचीक, ती वाकते आणि सरळ होता होता चेंडूला ढकलते. ताकदीची बढाई इथं चालत नाही.

आता गेलेली अब्रू भरून काढायची होती ना मला? मी पिशवीतली सगळ्यांत जाड, ताठ काठी उचलली. साहेब "नको, नको" म्हणत होता. मी सगळा जीव एकवटून फिरवली. चेंडू हातभर घरंगळला आणि बसला. माझे हात दिवसभर गजावर कापड मोजणारे. ते सावकाशच चालणार!

पाटलांनी तीच काठी घेतली. सूंऽऽ! चेंडू नदीपलीकडं. "ह्यात काय अवघड हाय राव?"

मग साहेबानं पिशवीच्या तळातून एक बारीक, नाजूक काठी काढली. धरताच हातात वेतासारखी लवली. म्हणाला, "शेट, घाई नको. कापड मोजतात तसं." मी मारला, आणि अहो, चेंडू उडाला! सुरेख, थेट बाभळीपर्यंत! वहिनी गर्दीत तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण अभिमानानं.

त्यानंतर साहेब होता तोवर रोज संध्याकाळी आम्ही दोघं माळावर. ती काठी मी खांद्यावर टाकून मुद्दाम पेठेतून जायचो. कुणी विचारलं की ऐटीत सांगायचो, "खास माझ्या स्विंगसाठी निवडलीय साहेबानं. सगळ्यांना पेलत नाही."

पूल झाला, साहेबाची बदली झाली. निघताना त्यानं ती काठी माझ्या हातात ठेवली.

"ठेव शेट. माझे आईची आहे. मी हिंदुस्थानात निघालो तेव्हा आठवण म्हणून दिली तिनं."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, "सर, आईसाहेबांची काठी, आणि माझ्या हाताला इतकी बरोबर बसली!"

साहेब थोडा घुटमळला. खोटं बोलायची सवय नव्हती त्याला.

"अगदी बरोबर नाही, शेट," तो हळूच म्हणाला. "म्हातारीचा स्विंग जरा जलद आहे."