पोट भरलं, माय

आमच्या घरी जेवायची ताटं दोनच होती, एक माझं आणि एक धाकट्या बहिणीचं. मायला ताट नव्हतं. आमच्या ताटांत उरेल ते तिचं जेवण. मी तिसरीत असताना बाप गेला, तेव्हापासून माय ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला जायची आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची. रोवणी संपली की घरात फक्त तांदळाची पेज, तीही इतकी पातळ की भांड्याचं बूड दिसे. मग आम्ही बहिणी खोटं बोलायचो. तळाची शितं तशीच ठेवायची आणि म्हणायचं, "पोट भरलं, माय."

माय आमच्या बेंबीवर बोटानं टकटक करायची. "लबाड! नगाऱ्यावानी वाजून राह्यलं पोट, अन् म्हनते भरलं." ती शितं पुन्हा आमच्याच तोंडात जायची आणि माय वरचं पाणी प्यायची.

मी शिकले. आमच्या वस्तीतली पहिली बी.ए. मी. कुणाच्या शिफारशीशिवाय मास्तरीण झाले, हे मी आजही मान वर करून सांगते. नेमणूक गडचिरोलीच्या जंगलात मिळाली, जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. सडकेवरच्या गावात खोली घेतली आणि मायला सोबत आणलं. शाळा नाल्यापलीकडे, दीड कोस आत. बहिणीचं लग्न होऊन ती सिरोंच्याकडे गेली होती.

मग मी जेवले. खोटं कशाला सांगू, वर्षानुवर्षं जेवले. माय भात वाढत राहायची आणि मी खात राहायची. माझं अंग भरत गेलं तशी ती बायांना सांगायची, "पाहा माही पोरगी! पेजेवर वाढली म्हनून वाटते का?" माझे दंड हीच तिची कमाई होती. नाल्यापर्यंत सोडणारा जीपवाला मात्र म्हणायचा, "बाई, तुमी मागं बसा. पुढं बसल्या तं गियरच पडत नाई." सारी जीप हसायची. मीही हसायची.

एका सकाळी नाल्यात पाय घसरला आणि मी बसले ती उठेचना. गुडघ्यांनी जीव सोडला होता. चार माणसांनी उचलून मला बैलबंडीत घातलं. काठावर माझाच चौथीचा वर्ग उभा होता, एकही पोर हसलं नाही. मोठ्या गुरुजींनी आठवड्यानं बोलावलं. "बाई, तुमाले मेडिकल बोर्डापुढं पाठवा लागते. त्यायनं अनफिट लिहिलं तं माह्या हातात काई नाई." अनफिट म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली की पुन्हा ती पेज. मला दुसरं काही दिसलंच नाही. अर्ज करून बोर्डाची तारीख पुढं ढकलून घेतली.

नागपुरात परदेशात शिकून आलेला एक डॉक्टर पोट टाके घालून लहान करतो, असं कळलं. गेले. तो म्हणाला, "करू. पण आधी दहा किलो उतरवा. भात बंद. तांदळाची पातळ पेज घ्या."

मला हसू आलं. तो बघतच राहिला.

घरी मायनं ऐकलं आणि चुलीपुढं बसून राहिली. "ज्या पेजेतून तुले काढलं, त्याच पेजेत तो डॉक्टर तुले घालून राह्यला. काऊन वं?" तरी तिनं पेज केली. तीन महिने केली. मी प्यायची आणि ती तोंड फिरवून बसायची. दवाखान्यातला काटा मला पुरेना, म्हणून दर पंधरा दिवसांनी तांदळाच्या गिरणीत धानाच्या काट्यावर उभी राहायची. पहिल्या दिवशी हमाल ओरडला होता, "दीड पोतं!" ऑपरेशनआधी फुप्फुसांना बळ यावं म्हणून डॉक्टरनं सलाईनच्या दोन काचेच्या बाटल्या नळीनं जोडून दिल्या होत्या. एकीतलं पाणी फुंकून दुसरीत न्यायचं. रोज शाळेतून आले की फुंकायची.

ऑपरेशन झालं. महिनाभर चमच्यानं पाणी, मग वरण, मग मऊ भात. चार चमचे. पाचवा घेतला की उलटी. पहिल्यांदा भात खाल्ला त्या दिवशी मी ताट सरकवलं आणि म्हणाले, "पोट भरलं, माय."

तिचा हात थांबला. "लबाड," ती म्हणाली. बोट माझ्या पोटाकडे आलं आणि टाक्यांपाशी येऊन मागं गेलं. "माह्यासाठी ठेवून राह्यली तू."

"नाई वं माय. खरंच भरलं."

"तवाही असंच म्हने तू."

त्या ताटाला तिनं हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी खाल्ल्याशिवाय ती खाईना, आणि माझं खाणं चार चमच्यांचं. तिला नागपुरात नेलं. डॉक्टरनं कागदावर पोटाचं चित्र काढून समजावलं, तिनं मान डोलावली. परतीच्या बसमध्ये म्हणाली, "तो बी तुह्याच बाजूनं बोलून राह्यला. शिकवलं तू त्याले." एकदा हट्टानं तिच्यासमोर पूर्ण ताट खाल्लं आणि अंगणात जाऊन सगळं ओकले. तेव्हापासून ती मला आजारीच समजू लागली.

माझे केस मुठीनं गळत होते, दंडांचं कातडं लोंबत होतं. आरशासमोर मी उभी राहत नसे. तिच्या गालांत खड्डे पडले. विहिरीवरच्या बाया मला ऐकू येईल असं बोलायच्या, "सरकारी पगार हाय अन् मायलेकी वाळून चालल्या."

दोन वर्षांनी माय अंथरुणाला खिळली. मी भरवायची. दोन घासांवर ती तोंड मिटायची. "पोट भरलं, पोरी." तिच्या बेंबीवर मी बोट टेकवलं नाही. काय वाजलं असतं ते मला माहीत होतं. त्या हिवाळ्यात ती गेली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या वर्षीच मेडिकल बोर्डानं माझ्या कागदावर फिट लिहिलं होतं. एकशे अठरा किलोचं वजन बहात्तरवर येऊन थांबलं. नाला ओलांडून दीड कोस मी पायी जाऊ लागले. माझी नोकरी टिकली.