पेठ रस्त्यावरची वीरगळ

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बसलो, तरी पेठ रस्त्याने जाताना ती घटना आजही आठवते आणि मन खिन्न होतं.

कुंभमेळ्याआधी रुंदीकरण उरकायची घाई होती. खोदकामावर लक्ष ठेवायला पुरातत्त्व खात्याने एक तरुण निरीक्षक बाई नेमल्या होत्या. जेसीबीला वीरगळ लागली. लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड. बाईंनी काम थांबवलं, खड्ड्याभोवती चुन्याची फक्की मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी वीरगळ गायब. फिर्याद देताना त्या एकच सांगत होत्या, "साहेब, दगडाखाली जळकी माती आहे, खापरं आहेत. जुनी वस्ती असणार. आधी खड्ड्यावर शिपाई ठेवा."

शिपाई आणू कुठून? मंत्र्यांचा त्र्यंबकेश्वर दौरा, अर्धं ठाणं बंदोबस्तात.

तेवढ्यात ठेकेदाराच्या सुपरवायझरने खबर दिली की जेसीबीच्या ड्रायव्हरने दगड दिंडोरीकडच्या फार्महाऊसवाल्याला विकला. आम्ही द्राक्षबागा पालथ्या घातल्या, हाती काही लागलं नाही. मग ड्रायव्हरला आणून बसवलं. निर्दोष माणूस सहसा आरडाओरडा करतो, सराईत गोड बोलतो. हा नुसता हात मांडीखाली दाबून बसला होता. हात पुढे करायला लावले. ग्रीसने काळ्या बोटांच्या नखांत शेंदूर होता.

"कुणाला फासलास?"

"म्या विकला नाय साहेब!" तो रडकुंडीला आला. "सुपरवायझर म्हनला, शिवेवर नेऊन ठेव, शेंदूर लाव. शेंदूर लागला की सरकारबी हात लावत नाय. दगड गेला म्हंजी काम अडत नाय. लय भ्या वाटलं, म्हून नारळबी फोडला."

शिवेवर वीरगळीपुढे अगरबत्त्या जळत होत्या. गावचे म्हातारे पाटील हात जोडून म्हणाले, "आमचा वीर हाय तो साहेब. आपल्या पायानं आला. आता उठवू नका." गाव जमलेलं. तिथंच पंचनामा केला आणि मुद्देमाल पाटलांच्याच ताब्यात दिला. सुपरवायझरवर गुन्हा दाखल झाला, जामीनही झाला. वरचे साहेब खूश.

ओळख पटवायला बोलावलेल्या निरीक्षक बाई दगडाकडे बघतही नव्हत्या. "खड्डा कालच बुजवला, साहेब," त्या म्हणाल्या. दगडच नाही तर काम अडवायचं कशाला, म्हणून वरून परवानगी आली होती. आम्ही बागा धुंडाळत होतो तोवर मुरूम पडला, रोलर फिरला, डांबरही झालं. वस्तू ओळखल्याची सही त्यांनी जीपच्या बॉनेटवर केली. "आणि गेलं काय, ते यात कुठं लिहू?" मी सही झालेला कागद फाईलीत ठेवला.

फार वाईट वाटलं. फिर्यादी कशासाठी रडतोय ते आधी ऐकावं. आम्ही उचलून आणता येईल तेवढंच शोधतो. या प्रकरणाने हे शिकवलं खरं, पण तोवर माझी नोकरी संपत आली होती.