होडीचा रंग खरवडताना

आमची होडी विकायला काढली तेव्हा सगळ्यात मोठा गाढवपणा मी केला. तिला रंग लावला.

गोराईच्या खाडीकाठी ती ओंडक्यांवर टेकून उभी होती. आदल्या वर्षी बाबाला समुद्रातच चक्कर आली, सोबतच्यांनी उचलून घरी आणला, आणि डॉक्टरांनी पुन्हा पाण्यात जायचं नाही म्हणून बजावलं. बाबाने मान डोलावली. पण उन्हाळाभर रोज सकाळी होडीवर खाडीचं पाणी ओतायला तो जातच राहिला. फळ्या सुकल्या की सांधे उघडतात. विकायला तयार झाला तोही एका अटीवर. मासेमारी करणाऱ्यालाच द्यायची. एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला हवी होती, त्याला बाबाने चहासुद्धा विचारला नाही. "नारळी पुनवेपर्यंत कोन नाय आला, तर मीच घेऊन जाईन," हे आणखी वर.

तो गेला असता. मी त्याची मुलगी आहे, मला माहीत आहे.

म्हणून आठवडाभर बोरीवलीच्या ऑफिसात राबून रविवारी मी ताडपत्रीखाली ब्रश घेऊन उभी राहायची. असे तीन रविवार गेले. निळा, पांढरा, कडेला लाल पट्टा. पाठीचा भुगा झाला. बाबा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "विकायच्या होरीला रंग नको लावू गो बाय." मला वाटलं, म्हाताऱ्याला विकायचीच नाही. मी ऐकलं नाही.

मग रायगडाकडचा एक मच्छीमार बायकोला घेऊन बघायला आला. त्याने बोटाच्या पेरांनी फळ्या ठोकल्या, लाल पट्ट्यावर नख ओढलं. "रंग नवा आहे. खाली काय लपवलंय?"

मी काही लपवलं नव्हतं. सणाला नटवतो तशी नटवली होती. पण जिच्या भरवशावर खोल पाण्यात जायचं तिचं लाकूड माणूस आधी बघणारच, एवढं कोळ्याच्या पोरीला कळू नये? "खरवडा आणि बोलवा," म्हणून तो गेला. पौर्णिमा दोन आठवड्यांवर आलेली. रजा टाकून मी माझाच रंग काढायला बसले. लावताना निदान हुरूप होता, आता तोही नव्हता. सारखं रडू येत होतं आणि रडायचाही कंटाळा आला होता.

बाबा शेजारी माशांच्या रिकाम्या क्रेटवर बसून बघायचा. पुढच्या टोकाशी आले तसा म्हणाला, "थयं जपून." रंगाखाली जुन्या डांबराचा जाड थर होता, त्याखाली पत्र्याचं ठिगळ, आणि ठिगळाखाली फळी ओल्या पावासारखी मऊ. माझं बोट आत गेलं.

"हे घेऊन तू जात होतास?"

"मग? पानी येयाचा, उपसायचो."

"किती वर्षं?"

मी इतकी चिडले की हातातला पत्रा खाली आपटला. आई होती तोवर रोज दारात वाट बघायची, आणि हा तिला हसून सांगायचा, काळजी कसली करतेस.

पत्रा परत ठोकून गप्प बसावं असं माझ्या मनात आलंच. पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं तेव्हा बाबाने स्वतः त्याचा हात धरून बोट त्या फळीत घातलं. "ही बदल. बाकीच्या माझ्या मागं टिकतील." त्या माणसाने उरलेल्या फळ्या ठोकल्यासुद्धा नाहीत. फळी बदलून घेतली आणि पौर्णिमेच्या तीन दिवस आधी भरतीला होडी न्यायला आला.

पाण्यात ढकलल्यावर तो वरून म्हणाला, "काका, चला ना, खाडीच्या तोंडापर्यंत. मग सोडतो."

बाबाने एक हात होडीच्या कडेवर ठेवला, पाय उचलला, आणि वळून माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला विचारलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने पाय खाली ठेवला.

वर्षभर मला एवढंच हवं होतं, की त्याने माझं ऐकावं. त्याने ऐकलं तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. इंजिनाचा आवाज लांब गेला तरी तो गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगत होता, "थोरी डावीकडं घे, थयं खडक हाय," आणि ते माझ्याशिवाय कोणालाही ऐकू जात नव्हतं.