आमचं वर्णद्वेषविरोधी मंडळ

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते साचतात. त्यातही एकट्या माणसाकडे जास्त, कारण घडलं की लगेच सांगून मोकळं व्हायला घरात कोणी नसतं. माझे यजमान गेले, मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, मी टेलिफोन खात्यातून रिटायर झाले आणि शहराच्या कडेला, बेसातल्या या फ्लॅटमध्ये राहायला आले. तेव्हापासून माझ्याकडे बरंच साचलंय. आज थोडं तुमच्यासमोर रिकामं करते.

आमच्या सोसायटीत एक वाचन मंडळ आहे. विषय एकच, वर्णद्वेष. बेसात हे कुठून आलं म्हणाल, तर देशमुख बाईंमुळे. नरखेडकडे त्यांच्या संत्र्याच्या बागा, मुलगा परदेशात मोठ्या नोकरीत. तिथे बसमध्ये एका गोऱ्याने त्याला "आपल्या देशात चालता हो" असं सुनावलं. बाई इकडे पेटल्या. "असं कसं चालते? आपण याचा अभ्यास केला पाहिजे," म्हणाल्या, आणि मंडळ निघालं. दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण बसतो. नियम असा, की पाळीपाळीने एकाने एक पुस्तक, एक कलावंत आणि एक संस्था सुचवायची, आणि सुचवेल त्याच्याच घरी बैठक, चहा-नाश्त्यासकट.

मी पहिल्याच दिवशी नाव दिलं. खरं सांगू का, या विषयात मला नव्याने शिकण्यासारखं फार काही नव्हतं. मला बोलायला माणसं हवी होती. आणि आपल्या घरी चार जण यावेत, जेवूनखाऊन जावेत, एवढी एकच हौस उरली होती.

*

पहिलं पुस्तक देशमुख बाईंनीच सुचवलं. एका काळ्या बाईने लिहिलेली स्वतःच्या लहानपणाची हकिकत. शाळेत तिला रंगावरून चिडवायचे, तो भाग बोंद्रे सर वाचून दाखवत होते. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त. बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात त्यांच्या सुनेचा व्हिडिओ कॉल आला. सूनबाईंना सातवा महिना होता.

"दुधात केशर टाकून घेऊन राहिली ना वं? चुकवू नको बरं. लेकराचा रंग उजळते."

फोन ठेवला, पदर पुन्हा डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "हं सर, कुठवर आलो होतो आपण?"

*

बोंद्रे सरांनी संस्था मोठी छान सुचवली. कातडीचा रंग पाहून ज्यांना भाड्याने घर नाकारतात, त्यांच्यासाठी लढणारी. सर बोलत होते आणि आम्ही पोहे-तर्री खात होतो. देशमुख बाईंनी तर्री दोनदा मागून घेतली.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. सरांचा वरचा फ्लॅट रिकामा होता, त्याच्या चौकशीला एक गृहस्थ आले होते. आफ्रिकेतून पीएचडी करायला आलेले, हिंदी स्वच्छ.

"हम सिर्फ व्हेजिटेरियन को देते हैं," सर म्हणाले.

"मैं व्हेजिटेरियन हूँ, सर."

"मतलब, फॅमिली को ही देते हैं."

"बीवी और बेटी अगले महीने आ रही हैं."

सरांनी दार जरा ओढून घेतलं. मग म्हणाले, "अरे हाँ, वो फ्लॅट तो बिक गया."

तो माणूस हसून "कोई बात नहीं" म्हणाला आणि जिना उतरला. मला ते ओळखीचं वाटलं. आमचं आडनाव मेश्राम आहे हे कळलं, की घरमालकांचे फ्लॅट असेच विकले जायचे, आणि आमचे यजमानही "काही हरकत नाही" म्हणून असेच हसायचे. त्यांची फार आठवण आली त्या दिवशी.

*

मग माझी पाळी आली. सकाळपासून घर आवरलं, आलूबोंडे केले, चटणी वाटली. ठेवणीतल्या प्लेटा काढल्या.

देशमुख बाई आल्या त्या हॉलमधल्या मूर्तीपुढे थांबल्या. "बुद्ध किती सुंदर आहे हो. शोपीस कुठून घेतला?"

"शोपीस नाही, बाई. आम्ही वंदना करतो त्याच्यापुढे."

"असं का," म्हणाल्या आणि सोफ्याच्या अगदी काठावर टेकल्या. मी प्लेटा आणल्या तर कपाळाला हात लावला. "अरे देवा. मले तर मंगळवारचा उपास राहते."

बोंद्रे सरांची ॲसिडिटी त्याच क्षणी उठली. बाकीच्यांनी या दोघांकडे पाहिलं आणि प्लेटा हळूच टीपॉयवर ठेवल्या.

आलूबोंडे मी दुसऱ्या दिवशीही खाल्ले. एकटीला संपत नाहीत हो.

*

पुढच्या पाळीला मी हुशारी केली. साबुदाण्याची उसळ केली, वर दाण्याचा कूट सढळ हाताने.

"उपासाचंच केलं या वेळी," मी बाईंना म्हटलं.

"काहून त्रास घेतला? माझा निर्जळी राहते."

त्या दिवशीचं पुस्तक मी सुचवलेलं होतं. काळ्या माणसांसाठी पाण्याचे नळ वेगळे असायचे, त्याबद्दल. चर्चा जोरात झाली. सर्वांत जास्त बाई बोलल्या. "पाण्यात कसला भेद करून राहिले हे लोक?" असं त्यांनी मलाच विचारलं.

रात्री मुलीचा फोन आला. "आई, मंडळात जमते ना तुझं?" मी म्हटलं, मस्त जमतं. मंडळ सोडलं तर माझं बोलणं फक्त लिफ्टमध्ये होतं, तेही कितवा मजला एवढंच. म्हणून सोडवत नाही. वाईट मात्र वाटतं, रोज वाटतं.

*

आता शेवटचा. हा मी मुलीलाही सांगितलेला नाही.

परवा, मंगळवार नसताना, दुपारी देशमुख बाई एकट्याच दारात. डोळे सुजलेले. आत येऊन बसल्या आणि रडायलाच लागल्या. परदेशात नातवाचं बारसं झालं होतं. मुलाने शेजारच्या सगळ्या गोऱ्यांना बोलावलं होतं. सुनेने पहाटे उठून स्वयंपाक केला होता.

"एक माणूस आला नाही, मेश्राम मॅडम. कोणाचं डोकं दुखून राहिलं, कोणी म्हणे आम्ही आत्ताच जेवलो. सून भरल्या पातेल्यापाशी बसून रडली म्हणते. असं काहून करतात हो? बोलावल्यावर एक घास खायले काय जाते?"

मी जवळ सरकले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

रडता रडता त्यांना जबर ठसका लागला. चेहरा लाल झाला. मी धावत स्वयंपाकघरात गेले, त्याही मागोमाग आल्या. मी तांब्यातून गिलासात पाणी घेऊन पुढे केलं. त्यांनी हात लांबवला आणि तो मधेच थांबला. खोकला थांबेना.

"गिलास नको," त्या कशाबशा म्हणाल्या. "ओंजळीत ओता."

त्या सिंकवर वाकल्या आणि दोन्ही हात जोडून तोंडाशी धरले. मी तांब्या उचलला आणि वरून, हाताला हात लागणार नाही असं, पाणी सोडलं. त्या घटाघटा प्यायल्या.

"अजून?" मी विचारलं.

मान वर न करता त्यांनी ओंजळ पुन्हा पुढे केली.