कागदावरचे पेशंट

कागदावरच्या पेशंटसाठी डोळ्यांत पाणी आणणारी नर्स अख्ख्या नागपुरात एकच असेल, आणि परीक्षेच्या अभ्यासाला जोडीदार म्हणून ती नेमकी माझ्या वाट्याला आली. ती आमच्या वॉर्डातली सिनियर. माझ्याहून बरीच मोठी, लग्न न केलेली, कामठीला आईसोबत राहणारी. सगळा वॉर्ड तिला ताई म्हणायचा. डॉक्टर म्हणायचे, आणि तिच्या वडिलांच्या वयाचे पेशंटही म्हणायचे. परदेशात नर्स म्हणून काम करायचं तर तिकडच्या परवान्याची परीक्षा द्यावी लागते. ती द्यायची असं मी ठरवलं, तेव्हा माझ्या वयाची एखादी पोरगी सोबत येईल असं वाटलं होतं. आली ताई. "माझंबी नाव टाक," एवढंच म्हणाली, आणि सलाईनची बाटली बदलायला निघून गेली.

या परीक्षेत पाठांतराचा फारसा उपयोग नसतो. प्रत्येक प्रश्नात एक पेशंट असतो. त्याचं वय, तक्रार, बीपी, रक्ताचे रिपोर्ट दिलेले असतात, खाली चार पर्याय, आणि नर्सने आधी काय करावं ते निवडायचं. असे ढीगभर सराव प्रश्न सोडवायचे, एवढाच अभ्यास. सकाळची ड्यूटी संपली की आम्ही धरमपेठेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत कूलरसमोर बसायचो. मी प्रश्न वाचायची आणि ताई डोळे मिटून ऐकायची. पहिल्याच दिवशी तिने मला थांबवलं. पुस्तकात पेशंटला 'क्लायंट' म्हटलं होतं, ते तिला सहन होईना. क्लायंट वकिलाकडे जातो, दवाखान्यात पेशंट येतो, असं तिचं म्हणणं. शिवाय या पेशंटना नावं नव्हती. मग तिने ती ठेवायला सुरुवात केली. अठ्ठावन्न वर्षांचा, छातीत दुखणारा, घाम फुटलेला माणूस भोजराज झाला. पाय सुजलेली गरोदर बाई झाली सुलोचना. मी पान उलटून पुढे गेले तरी ताई मागेच रेंगाळायची, आणि चार दिवसांनी मूत्रपिंडाचा धडा चालू असताना मधूनच विचारायची, भोजराजच्या घरी कळवलं असेल का कोणी?

सगळ्यात वाईट हाल व्हायचे ते 'चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल' या प्रकारात. नियम सोपा आहे. ज्याचा श्वास अडला त्याच्याकडे आधी, मग ज्याचा रक्तप्रवाह बिघडला त्याच्याकडे, आणि जो नुसता रडतोय तो शेवटी. ताई दर वेळी रडणाऱ्यापाशी थांबायची. श्वासवाल्याकडे ती वॉर्डात धावतच जाते, त्यासाठी पुस्तक कशाला हवं, पण जाता जाता रडणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला किती वेळ लागतो, असं ती मलाच विचारायची. तसा पर्याय नाही, मी म्हणायची. "मंग पर्यायच चुकला," असं म्हणून ती उठायची आणि कूलरमध्ये पाणी ओतायला लागायची. तिची जितकी उत्तरं चुकायची, तितकी माझी खोली गार व्हायची. 'लागू असतील ते सर्व पर्याय निवडा' हा प्रकार मात्र तिला मनापासून आवडायचा. त्यात ती सगळेच निवडून टाकायची. कोणाला कशाला वगळायचं?

तिचं आणि पुस्तकाचं खरं भांडण बोलण्यावरून झालं. पेशंट म्हणतो, सिस्टर, मी वाचणार का? तर पुस्तकाच्या मते 'काही होत नाही, घाबरू नका' असं म्हणायचं नाही. तो खोटा दिलासा होतो. त्याच्या भावनेला शब्द द्यायचे आणि त्याला बोलतं करायचं: तुम्हाला भीती वाटतेय का? ताईने हे ऐकून डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू पुस्तक मीच लिहिलंय. "असं कोन बोलते वं? मरनारा मानूस विचारून राहिला, अन् त्यालेच उलटा प्रश्न?" वॉर्डात तिने वर्षानुवर्षं सगळ्यांना हेच सांगितलं होतं, की काही होत नाही, उद्या घरी जाल, थोडा चहा घ्या. काही जण खरंच घरी गेले. काही नाही गेले, पण चहा घेऊन गेले.

ही बाई परदेशात कशाला जाणार, हे मला बरेच दिवस उमगलं नाही. एका दुपारी शेअर ऑटो चुकली म्हणून ती थोडी जास्त थांबली, तेव्हा कळलं. आईचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. ती ताईला ओळखायची, पण घराला ओळखायची नाही. राहत्या घराच्या दारात उभी राहून, मला माझ्या घरी ने, असं म्हणायची. ताई ड्यूटीवर असली की शेजारीण लक्ष ठेवायची, तरी आई दोनदा वॉकर टेकत गल्ली ओलांडून बाजारापर्यंत गेली होती. दिवसभर पेशंट आणि संध्याकाळी पुन्हा पेशंट. हे सांगताना ताईचा आवाज वॉर्डात रिपोर्ट देताना असतो तसा सपाट होता. "मले आता दूर जाचं आहे," ती म्हणाली. "इतकं दूर का कोनी मले आवाज देल्ला तरी आयकू येऊ नये." मग पदर सारखा करून तिने पुढचा प्रश्न वाचायला सांगितला.

ताईचा भाऊ पुण्याला होता. परीक्षा होईपर्यंत आईला सांभाळायला तो तयार झाला आणि येऊन घेऊनही गेला. त्यानंतर ताई बदलली. प्रश्न ऐकताना आता डोळे उघडे असायचे. भोजराज, सुलोचना कुठे गेले कोण जाणे. नुसता बेड नंबर उरला. रडणाऱ्याला शेवटी ठेवून ती सरळ श्वासवाल्याकडे जायला शिकली. बोलण्याच्या प्रश्नांत तर तिचं एकही उत्तर चुकेना. मला आनंद व्हायला हवा होता. पण खोलीत उकडायचं. कूलरमध्ये पाणी घालायला मीच उठायची, आणि आधीची ताई परत यावी असं मनात यायचं. हे तिला कसं सांगणार?

परीक्षेचं केंद्र हैदराबादला होतं. आम्ही सोबत गेलो आणि सोबत परतलो. पुरेशी उत्तरं झाली की संगणक आपोआप बंद होतो, आणि पास की नापास ते तेव्हा कळत नाही. ताई आठवड्याभरात पुण्याला जाऊन आईला आणणार होती. पुढचं काय ते मग ठरवू, असं तिने भावाला कळवलं होतं. त्याआधीच भावाचा फोन आला. आई दुपारी झोपली ती उठलीच नाही. ताई पुण्यात असतानाच निकाल लागला. मी नापास झाले होते, ताई पास झाली होती. मी फोनवर सांगितलं, तेव्हा तिने माझ्या निकालाचं विचारलं, आणि ऐकून म्हणाली, तुझं व्हायले पाहिजे होतं.

ती परतल्यावर मी कामठीला गेले. घरात भाऊ होता, पण तो बाहेरच्या खोलीत बसून राहिला. ताईने चहा केला आणि माझ्यासमोर बसली. मी काही विचारलं नव्हतं. "परीक्षेच्या आधी मायचा फोन आला होता," ती म्हणाली. "मले घरी कधी नेतं, म्हने. रोजच म्हनायची. मी रोज सांगो, उद्या येतो माय, उद्या. त्या दिवशी आपला सराव झाला होता." कपातला चहा ती हलवत राहिली. "मी तिले म्हनलं, तुले घराची आठवन येऊन राहिली का? बरोबर पुस्तकातल्यावानी. ती एकदम चूप झाली. मंग म्हने, कोन बोलून राहिलं? माही पोरगी कुठं गेली?"

मी तिच्या हातावर हात ठेवला. काही होत नाही ताई, असं म्हणावंसं वाटलं. ती उठून कप विसळायला गेली.

नंतर ताई परदेशात गेली. जाऊ नये असं तिला वाटत असेल, असा माझा अंदाज होता, पण ती गेली. इथे कोणासाठी थांबायचं, असं भावाने तिला विचारलं होतं. जायच्या आधी ती वॉर्डात सगळ्यांना भेटायला आली, तेव्हा सोबत आईचा वॉकर घेऊन आली. भावाने पुण्याहून तो आणून ठेवला होता. लोखंडी दांडे हिवाळ्यात हाताला गार लागतात म्हणून ताईने त्यांवर आईच्या जुन्या नऊवारीच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या होत्या. कोणाच्या तरी कामी येईल, म्हणाली, आणि तो भिंतीशी टेकवून ठेवला. तिकडून आता कधीमधी फोन येतो. थंडी आहे, जेवण होतं, ड्यूटी ठीक आहे, एवढंच सांगते. मी जास्त विचारत नाही.

वॉकर वॉर्डातच आहे. ते कापड काढून टाका, त्यात जंतू बसतात, असं इन्चार्ज सिस्टरने दोनदा बजावलं. त्यांचं बरोबरच आहे. मी दर रविवारी पट्ट्या सोडते, गरम पाण्यात जंतुनाशक घालून धुते, गच्चीवर वाळवते आणि पुन्हा गुंडाळते. सध्या मांडीचं हाड मोडलेल्या एक आजी तो वापरतात. काल त्या खिडकीपर्यंत जाऊन आल्या. परत पलंगावर बसल्यावरही त्यांनी दांडा सोडला नाही, कापडाच्या काठावरून अंगठा फिरवत राहिल्या. मी त्यांना बसू दिलं.