जोतीरामची मृदू व्यंजनं

आमच्या उचगावात लग्नाला आलेल्या पाहुण्याचं पोट जेवणानं भरत नाही, माईकवरून स्वतःचं नाव ऐकलं की भरतं. अमुक गावचे माजी सरपंच, तमुक दूध संस्थेचे संचालक, असं नाव पुकारलं गेलं की माणूस खूश होऊन पुढच्या रांगेत बसतो. राहून गेलं तर अक्षता टाकून सरळ गाडीला किक मारतो आणि पुढची काही वर्षं त्या घरावरून जाताना मान फिरवतो. म्हणून मांडव कुठला आणि आचारी कोण हे ठरायच्या आधी लोक विचारायचे, जोतीराम त्या दिवशी मोकळा आहे का?

जोतीराम माने माझ्या शेजारचा. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या स्टोअरला नोकरी आणि लग्नसराईत निवेदन. कुणाचं नाव आधी घ्यायचं, कुणाचं मागाहून घेतलं तर भांडण होईल, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. आणि आवाज असा होता की हायवेवरून जाणाऱ्याला कळावं, आज कुणाच्या घरी लग्न आहे. त्या आवाजाचा त्याला माज होता, हे मी शेजारी असून सांगतो. घरात बायकोला चहा मागतानाही तो मांडवातल्यासारखा मागायचा.

मग गळ्याला गाठ आली. गाठ वाईट निघाली, पण पुरती काढता आली. आवाजाची शीर तिलाच चिकटलेली होती, तीही गेली. डॉक्टरांनी हे आधीच बजावलं होतं आणि जोतीरामनं मान डोलावली होती, पण आवाज जाणं म्हणजे काय हे माणसाला आवाज गेल्यावरच कळतं. जीव वाचला आणि घशातून उरली नुसती कुजबुज.

तपासणीला मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांना गळ्यावर बोटं ठेवायला लावली. प म्हणा, आता ब म्हणा. ओठ दोन्हीला सारखेच मिटतात, पण ब म्हणताना माझ्या बोटांना घशात गुणगुण लागली. जोतीरामच्या बोटांना काहीच लागलं नाही. त्याचा ब प निघाला, ग क निघाला, द त निघाला. जन्मभर मी पोरांना कठोर व्यंजनं आणि मृदू व्यंजनं घोकायला लावली, पण त्यातला फरक असा घशात बसलेला असतो हे मला निवृत्त झाल्यावर त्या खोलीत कळलं. जोतीरामची सगळी मृदू व्यंजनं कठोर झाली होती.

आता यात लाजण्यासारखं काय आहे, मला सांगा. आपण सगळे शब्दाच्या शेवटाला आलो की हेच करतो. साहेबाचा सायेप होतो, खराबचं खराप होतं. फारसीतल्या मददची आपण मदत केली, पसंदचं पसंत केलं आणि ते पुस्तकात छापून मोकळे झालो. हे सगळं मी त्याला परतीच्या वाटेवर सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच्या मनाला लागलं ते घरात. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा नीट जेवायला बसला आणि म्हणाला, "फाकरी वाठ." त्याची बायको आक्काताई हसली. वाईट बाई नाही ती, त्याच्या उशाशी बसून तिनं रात्री काढल्या होत्या. हसू फुटलं आणि लगेच तिनं तोंडावर पदर धरला, पण पदर धरलेला त्यानं पाहिला. त्या दिवसापासून जोतीरामनं भाकरी मागायची सोडली. चपाती मागायला लागला, कारण चपाती नीट म्हणता यायची. दही सोडून ताक मागायला लागला. गाडीची स्कूटर झाली. तोंडात ग, ज, द, ब येईल असा शब्द आला की तो गिळायचा आणि दुसरा शोधायचा, सापडला नाही तर गप्प बसायचा. आक्काताईला वाटलं, डॉक्टरांनी भाकरी बंद केली असेल. बिचारी रोज चपात्या लाटत राहिली.

फोनवर कुणी नाव विचारलं की तो फोन ठेवून द्यायचा. आपलं नाव सांगायचं म्हटलं तर चोतीराम निघायचं. कारखान्यात भट्टीच्या आवाजात एरवीही कुणाला काही ऐकू येत नाही, तिथं हातवाऱ्यांवर निभावलं. गावात मात्र गाठीचं त्या घरानं माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लोकांनी आपल्या पद्धतीनं लावला. आमच्याकडे गप्प माणूस म्हणजे चिडलेला नाहीतर माजलेला. हळूहळू लोकांनी त्याला हटकायचं सोडलं, आणि त्याला तेच हवं होतं.

अशात त्याच्या स्वप्नालीला स्थळ आलं. एकुलती एक मुलगी, फार्मसी शिकलेली. मुलगा ऋतुराज, जोतिबाच्या वाटेवरच्या एका गावचा, बागायत शेती आणि गोठा असलेलं घर. मुलाचे वडील विजयसिंह मोठ्या आवाजाचे, सरळ माणूस. पोरांची फोनाफोनी आधीच सुरू झाली होती, बैठक म्हणजे मोठ्यांचा मान. त्या बैठकीला मीही होतो.

जोतीराम घोंगड्यावर मधोमध बसला आणि तासभर बोलला नाही. कुणी काही विचारलं की मान हलवायचा. शेवटी विजयसिंहांनी मांडीवर हात आपटून विचारलं, मुलीच्या वडलांना हे स्थळ पसंत आहे की नाही? बोलत का नाहीत? मी तोंड उघडणार, तेवढ्यात चहा घेऊन आलेली आक्काताई म्हणाली की जोतिबाच्या यात्रेत चांगभलं म्हणून ओरडून ओरडून त्यांचा घसा बसलाय, होईल चार दिवसांत बरा. तिला खोटं बोलायची हौस नव्हती. कॅन्सर हा शब्द त्या खोलीत उच्चारला तर पाहुणे चहा तसाच ठेवून उठतील, ही तिची भीती होती. जोतीरामनं तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. खोटं तिनं सांगितलं आणि त्यानं ते मानेनं पक्कं केलं.

विजयसिंह खुलले. एका पुतण्याच्या लग्नात आपण तुमचं निवेदन ऐकलंय, म्हणाले. मग या लग्नात आमच्या पाहुण्यांचं स्वागत तुम्हीच करायचं, दुसरा कुणी नको. जोतीरामनं पुन्हा मान हलवली. स्वप्नाली आतल्या दारात उभी होती. ती काहीतरी बोलायला पुढं आली, पण आईनं तिला डोळ्यांनी मागं सारलं.

पाहुणे गेल्यावर मी त्याला धरलं. उद्याच्या उद्या जा आणि सांगून टाक, आजार लपवून लग्न करतात होय? तो कुजबुजला, "सर, लकीन मोटंल." लगीन मोडंल. त्याचं बोलणं मी यापुढं नीट अक्षरांत लिहीन. त्यानं मला हात जोडले आणि सांगितलं की पोरीचं लग्न माझ्या घशापायी मोडलं तर मी जगायचा नाही. मी चिडून उठलो. मला काय ठाऊक, त्याच्या डोक्यात काय शिजतंय ते.

ते शिजलं साउंडवाल्या धैर्यशीलकडं. त्याच्याकडे जुन्या लग्नांचे व्हिडिओ होते आणि त्यात जोतीरामचा जुना आवाज होता. नावं पुकारायला दुसरा निवेदक ठेवायचा. सुरुवातीचं स्वागत आणि अक्षतांआधीचे आशीर्वाद मात्र जोतीराम स्वतः देणार, म्हणजे जुन्या व्हिडिओतला आवाज स्पीकरवर लागणार आणि हा बंद माईक तोंडाला धरून ओठ हलवणार. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची नावं खरी पुकारली, त्यानं स्वतःच्या मुलीच्या लग्नात असं सोंग घ्यायचं ठरवलं. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी त्याची खोड मोडली असती, पण त्यानं कुणाला कळूच दिलं नाही. बायकोलाही नाही.

लग्नाचा दिवस. कार्यालय भरलेलं, फेटे बांधलेले, वऱ्हाड दारात. जोतीराम स्टेजवर गेला, माईक तोंडाला धरला आणि तो आवाज आला. माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या माणसानं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, बघा, घसा मोकळा झाला. आक्काताईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं देव पावला. स्वागताची चार वाक्यं सुरेख झाली, टाळ्या पडल्या, आणि जोतीराम खाली उतरला तेव्हा त्याची छाती वर्षभरानं ताठ होती. मुंडावळ्या बांधलेली स्वप्नाली तेवढी बापाकडे न बघता समोर बघत होती. मला वाटलं, लग्नातली पोर आहे, घाबरली असेल.

मग आशीर्वादाची वेळ आली. जोतीराम पुन्हा चढला, पुन्हा आवाज घुमला. कुळाचा मान, दोन घरांचं नातं, सगळं व्यवस्थित चाललं होतं. वाक्य संपत आलं, जोतीरामनं माईक खाली घेतला आणि नमस्कारासाठी हात जोडले. धैर्यशीलला मात्र तेवढ्यात कुणीतरी पंख्याची वायर काढायला सांगितली होती आणि तो वाकला होता. आवाज थांबला नाही. हात जोडून उभ्या असलेल्या जोतीरामच्या डोक्यावरून त्याचाच आवाज पुढं म्हणाला की आमचे विश्वजित आणि मोना यांचा संसार सुखाचा होवो.

कार्यालयातल्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं आणि ते हसू पुढं पुढं सरकत आलं. मोना कोण? बापानं लेकीचं नाव बदललं का? धैर्यशीलनं धावत जाऊन बटण दाबलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. जोतीरामचे हात तसेच जोडलेले राहिले होते. मला त्याची इतकी लाज वाटली की मी खाली बघायला लागलो, आणि माझ्या आसपासचे सगळेच खाली बघत होते.

विजयसिंह स्टेजवर चढले. मला वाटलं, आता हे लग्न मोडतं. मी लगबगीनं पुढं झालो. त्यांनी जोतीरामच्या हातातला माईक घेतला, उलटा करून बटण बघितलं आणि हळू आवाजात बोलले. त्या माणसाला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

"पावणं, आमाला समदं ठावं हाय. गाठीचं बी आन् आवाजाचं बी. तुमच्या पोरीनं बैठकीच्या आदीच सांगिटलंतं. बैठकीत तुमच्या तोंडनं ऐकावं म्हून इचारलंतं. माईकपुढं कुजबुजला असता तरी ऐकू आलं असतं की, म्हून तर स्वागत तुमालाच करायला सांगिटलंतं." मग त्यांनी बटण दाबून माईक चालू केला आणि त्याच्या हातात दिला. "बोला आता. कसं बी निघू दे."

सगळं कार्यालय बघत होतं. चालू माईकमधून जोतीरामचा श्वास तेवढा ऐकू येत होता. त्याला फक्त दोन नावं घ्यायची होती. आपल्या लेकीचं आणि जावयाचं. त्यानं माईक तोंडापर्यंत नेला, परत खाली आणला, टेबलावर ठेवला आणि स्टेजवरून उतरून मागच्या दारानं आचाऱ्यांच्या शेडकडे निघून गेला. दुसऱ्या निवेदकानं सांभाळून घेतलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पाहुणे जेवले. लोक चार दिवस हसले आणि विसरले, लोकांचं काय.

मी शेडमध्ये त्याच्याजवळ जाऊन बसलो. मला खूप बोलायचं होतं, शिव्याही द्यायच्या होत्या. पण आधी तोच म्हणाला, "सर, माणसं एवढी मोठी हायती आन् मी त्यास्नी एवढं बारकं समजलो."

पाठवणीच्या वेळी त्याला हाताला धरून गाडीपाशी आणावं लागलं. आक्काताई रडत होती, बायका ओटी भरत होत्या. स्वप्नाली वाकून बापाच्या पाया पडली आणि उठून उभी राहिली. रीतीनं तिनं त्याच्या गळ्यात पडायला हवं होतं. ती पडली नाही. माझ्यासमोरच, रडता रडता पण अगदी स्पष्ट म्हणाली, "आप्पा, ह्यास्नी तुमच्या आवाजाचं सांगिटलं तवा मला लाज वाटली न्हवती. आज वाटली."

ऋतुराजनं गाडीचं दार उघडून धरलं होतं. जोतीरामला लेकीला एकच शब्द सांगायचा होता, चुकलं. त्यात अडकेल असं एकही अक्षर नव्हतं, तो शब्द त्याच्या घशातूनसुद्धा धड निघाला असता. ओठ हलले, पण गाडी सुटेपर्यंत तो शब्द त्याच्या तोंडातून आला नाही.